समोरचा दवाखाना

"बेळगावला न्या," अण्णा म्हणाले, पण जीपवाला जागचा हलला नाही.

"डाक्टरसाब, रस्ता बंद हाय," तो म्हणाला. "संकेश्वरच्या अल्याड टायरं पेटवून ठेवल्यात. सीमेच्या आंदोलनापायी बेळगावात संचारबंदी लागलीया. सकाळपास्नं एक गाडी म्होरं गेली न्हाई."

"मग कोल्हापूर."

"कोल्हापूरचा चांगला रस्ता बी तिकडनंच की. कापशीकडनं घाटानं जायाचं म्हटलं, तर ह्या बाईला तेवढा दम निघंल का, तुमीच बगा."

अण्णा म्हणजे माझे सासरे, डॉ. विष्णुपंत बेनाडीकर. गडहिंग्लजमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असायचा. त्या दिवशी मात्र तो शब्द जीपवाल्यानं परत केला. अण्णा माझ्याकडं बघायला लागले.

मी जीपच्या मागं गेले. बाकावर नूलची शेवंता आडवी पडली होती. पंचविशीतली, नववा महिना लागलेला. डोकं सासूच्या, हौसाक्काच्या मांडीवर. नवरा पायाशी उकिडवा बसला होता. मी अंगावरची चादर उचलली आणि लगेच खाली सोडली. बाकावरून रक्त खालच्या पत्र्यावर ठिबकत होतं.

"कळा येतात?"

"कळा न्हाईत बाई," हौसाक्का म्हणाली. "दुखत बी न्हाई. नुसतं जातंय. पहाटं उठली तवापास्नं."

"पहिलं बाळंतपण?"

"ते बेळगावात. पोट फाडून काढलं."

मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. न दुखता रक्त जातं तेव्हा बाळाला पोसणारी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली असते. बाळाची वाट तिनं अडवलेली असते आणि बाळाबरोबर आईचाही जीव धोक्यात असतो. अशा बाईला आतून तपासायलासुद्धा हात लावायचा नसतो. लावला तर नळ सुटल्यासारखं रक्त सुटतं. पोट उघडून बाळ बाहेर काढणं हा एकच इलाज, आणि तोही ताबडतोब.

आम्ही तिला आत घेतलं. सिस्टरनं सलाईन लावलं. मी पोटावर नळी टेकवून ऐकलं, बाळाचे ठोके लागत होते.

आमचा दवाखाना म्हणजे पुढं अण्णांची ओपीडी आणि मागं माझं आठ खाटांचं प्रसूतिगृह. मी मिरजेला शिकले. तिथं रात्रपाळीला एकामागून एक सिझेरियन केलेली. लग्न होऊन गडहिंग्लजला आले आणि तीन वर्षांत एकही केलं नाही. कारण अण्णांचा नियम होता: पोट उघडायचं ते बेळगावात. या घरात नाही. मी सुरुवातीला भांडले. टेबल आणू, दिवा आणू, भूलतज्ज्ञ बोलावू, म्हणाले. अण्णा ऐकून घ्यायचे आणि पेपर उघडायचे. माझा नवरा श्रीपाद कॉलेजात भूगोल शिकवायचा. तो म्हणायचा, "उज्ज्वला, हा विषय सोड." का सोड, ते सांगायचा नाही. मग मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की या म्हाताऱ्या माणसाचा सुनेच्या हातावर विश्वास नाही. ते मला लागत होतं. रोज थोडं थोडं.

"अण्णा, सिझेरियन आत्ता करावं लागेल," मी म्हणाले.

"इथं?"

"इथं काय आहे? समोर थिएटर आहे."

अण्णा सलाईनची गती वाढवायला वळले.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडं, डॉ. बसवराज हुक्केरींचा दवाखाना. माझ्या खिडकीतून त्यांची पाटी दिसायची. पण आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारत नसे. एखादा जुना पेशंट तिकडं गेला की आमच्याकडं म्हणायचे, "समोर गेला." माझ्या कानावर आलेली हकिगत अशी होती: हुक्केरी हे अण्णांच्याच हाताखाली वाढलेले. गरीब घरातला हुशार मुलगा म्हणून अण्णांनी त्यांना पुस्तकं दिली, शिकायला पाठवलं. सर्जन होऊन परत आल्यावर ते अण्णांच्या दवाखान्यात बसायला लागले. माझ्या सासूबाई अचानक गेल्या, आणि घर अजून सुतकातून बाहेर पडतंय तोवर या माणसानं बरोब्बर समोरची जागा घेऊन आपली पाटी लावली. गाव म्हणायचं, खाल्ल्या घरचे वासे मोजले. तेव्हापासून सहा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मी तर नंतर आलेली. मला आमच्या गॅलरीतून तो माणूस फक्त स्कूटर लावताना दिसायचा.

"त्या दारात आपल्या घरचं माणूस जाणार नाही," अण्णा म्हणाले.

"ठीक आहे. मग हौसाक्का बाहेर बसली आहे, तिला तुम्ही सांगा. सांगा की रस्त्यापलीकडं थिएटर आहे, पण आम्ही तिकडं जात नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता. काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि थांबून समजून घ्यायला वेळही नव्हता. मी कंपाउंडरला कॉलेजवर पिटाळलं. श्रीपादला निरोप दिला, रक्त लागणार आहे, मुलं घेऊन ये. आणि अंगावरच्या एप्रनसकट रस्ता ओलांडला.

हुक्केरी आपल्या खोलीत एकटेच बसले होते. मला दारात पाहून उभे राहिले. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणतील, आज कशी वाट चुकली. ते म्हणतील, डॉक्टरसाहेबांनी पाठवलं का. त्यांनी तसलं काहीच विचारलं नाही.

"काय झालंय?" ते म्हणाले.

मी सांगितलं. ते ऐकता ऐकताच दाराकडं गेले आणि सिस्टरला म्हणाले, "थिएटर तयार करा. सगळं उकळायला टाका." मग माझ्याकडं वळले. "आणि भूल?"

"तुमच्याकडं भूलतज्ज्ञ येतात ना?"

"बेळगावहून येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी. आज यायचे होते. मीच सकाळचा हर्निया पुढं ढकललाय."

"पाठीत इंजेक्शन देऊन?"

"रक्तदाब किती आहे?"

"सत्तरच्या आसपास."

"मग नाही. टेबलावरच जाईल." ते कपाटाशी गेले, दार उघडून आत बघत उभे राहिले. "ईथर आहे माझ्याकडं. बाटल्या आहेत. पण मी शिकलो तोवर मशीन आलं होतं. तोंडावर जाळी ठेवून थेंब थेंब ईथर द्यायचं, पेशंटचा श्वास ऐकत, हे काम मी केलेलं नाही. तुम्ही?"

"नाही."

"या तालुक्यात ते एकाच माणसाला येतं."

ते कोण, हे मला कळलं. तरुणपणी अण्णा मिरजेच्या मिशन दवाखान्यात भूल द्यायचे, हे श्रीपादनं मला सांगितलं होतं.

"ते येणार नाहीत, डॉक्टर."

"विचारा."

"काय सांगू त्यांना?"

हुक्केरींनी कपाटाचं दार लावलं. बोलावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ते मला बसू म्हणायचे. सांगा, बसूनं भूल मागितली आहे. एवढंच सांगा. जास्त काही नको."

मी परत आले तेव्हा अण्णा शेवंताच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. दुसऱ्या हातालाही त्यांनी स्वतः सलाईन लावलं होतं. तिच्या मनगटावर त्यांची बोटं होती.

"अण्णा, त्यांचं थिएटर तयार होतंय. भूलतज्ज्ञ नाही. ते म्हणाले…"

"काय म्हणाला? त्याचे शब्द सांग."

"बसूनं भूल मागितली आहे."

अण्णांनी मनगट सोडलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. शेवंताचे ओठ पांढरे पडत चालले होते. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आजोबा, तहान लागलीया." अण्णांनी ओला बोळा तिच्या ओठांवर फिरवला.

"तेच शब्द?" त्यांनी मला विचारलं.

"तेच."

"माझी जाळी वरच्या कपाटात आहे. खादीच्या फडक्यात गुंडाळलेली. आण."

गावातल्या गावात मात्र रस्त्यावर वर्दळ होती. आधी अण्णा निघाले, धोतर, कोट, एका हातात ते गुंडाळलेलं फडकं. दुसरा हात उंच करून त्यांनी उसाचा ट्रक थांबवला. मागून स्ट्रेचर. पुढं जीपवाला आणि शेवंताचा नवरा, मागं सिस्टर आणि मी. हौसाक्का सलाईनची बाटली उंच धरून पळत होती. समोरचा किराणा दुकानदार पायऱ्या उतरून खाली आला. शिंप्याचं मशीन थांबलं. सहा वर्षं ज्या उंबऱ्याकडं अण्णांनी मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यावर ते पाय ठेवत होते आणि सगळा रस्ता ते बघत होता. ट्रकवाल्यानं इंजिनसुद्धा बंद केलं.

आत शिरल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते सिस्टरला उद्देशून.

"खिडक्या उघडा सगळ्या. आज ईथर आहे. रक्त थांबवायचं ते विजेचं यंत्र बंद, नुसतं बंद नको, पिन काढून बाहेर नेऊन ठेवा. स्टोव्हही बाहेर. एक ठिणगी पडली तर आपण सगळे जाऊ."

"बाहेर नेलंय, सर," हुक्केरी म्हणाले. ते हात धूत उभे होते.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. अण्णा टेबलाच्या डोक्याच्या बाजूला जाऊन बसले. शेवंताच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी फडकं सोडलं आणि जाळी बाहेर काढली.

"सर, सुरुवात करायची?" हुक्केरींनी विचारलं.

"बसू," अण्णा म्हणाले, "आज तू म्हणशील तसं."

हुक्केरींचे धुतलेले हात तसेच हवेत राहिले. नळाचं पाणी वाहत होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मी कोपरानं नळ बंद केला. मोठ्या माणसानं बोलायची एक रीत, एवढाच मी त्या वाक्याचा अर्थ घेतला.

ईथरचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास खोलीत पसरला. अण्णा जाळीवर थेंब टाकत होते आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. "नूलची ना तू? तुमच्याकडं वांगी चांगली होतात. श्वास घे. अजून एक. घे." तिचं कण्हणं थांबलं.

"फार खोल नेत नाही," ते आम्हाला म्हणाले. "खोल नेली तर गर्भाशय सैल पडेल आणि रक्त वाढेल. थोडी हलली तर हलू दे. घ्या."

मी जुन्या व्रणावरून सुरी चालवली. तीन वर्षांनी. पहिला छेद देईपर्यंत हात माझा आहे की नाही कळेना, नंतर तो माझाच झाला. समोर हुक्केरी होते. मला काय हवंय ते मी म्हणायच्या आत त्यांच्या हातात असायचं. आत वार पसरलेली होती, तिच्यातूनच वाट काढून बाळाचा पाय हाताला लागला. मी ओढलं. निळसर, मऊ पडलेलं बाळ बाहेर आलं. सिस्टरनं ते घेतलं, उलटं धरलं, पाठ चोळली.

पुन्हा चोळली. मग एक बारीक, चिडलेला आवाज आला.

"मुलगी," सिस्टर म्हणाली.

"रडली ना? झालं. पुढं चला," अण्णा म्हणाले.

पुढंच खरं संकट होतं. वार सुटेना. आधीच्या व्रणाला ती घट्ट चिकटलेली होती. तुकड्यातुकड्यानं काढली तशी तिथून रक्ताची धार लागली. मी टाके घातले, धार थांबली नाही. फडकी भरून निघाली. मी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं.

"काढायलाच लागेल," मी म्हणाले. "गर्भाशय."

"नाडी?" हुक्केरींनी विचारलं.

"आहे," अण्णा म्हणाले. "बारीक आहे. उशीर करू नका."

"काढायला वेळ लागेल, तेवढं रक्त हिच्यात नाही," हुक्केरी मला म्हणाले. "तुम्ही दाबून धरा, हात अजिबात हलवू नका. मी खाली जातो. दोन्ही बाजूंनी गर्भाशयाला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मुळाशीच बांधतो. तुम्ही पाहिलंय कधी?"

"पुस्तकात."

"मी एकदा पाहिलंय. केलेलं नाही." ते अण्णांकडं वळले. "सर?"

"मी काय सांगितलं तुला? कर."

तेवढ्यात दार ढकलून हुक्केरींचा रक्त तपासणारा तंत्रज्ञ रक्ताची पहिली बाटली घेऊन आला. बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. श्रीपादनं चालू तास थांबवला होता आणि अख्खा वर्ग घेऊन तो पायी, सायकलींवर, मिळेल तसा आला होता. आदल्या दिवशी नाक्यावर घोषणा देणारी मुलं त्यात होती, घरी कन्नड बोलणारीही होती. एकाच बाकावर दाटीवाटीनं बसून सगळी बाही वर करून वाट बघत होती. कुणाचं जुळतं ते तपासलं, तर सगळ्यांत आधी जुळलं श्रीपादचं. सुई नुसती दिसली तरी ज्याला घाम फुटायचा, तो माझा नवरा डोळे मिटून आडवा झाला होता. ती पहिली बाटली त्याची.

हुक्केरींनी उजव्या बाजूला काम सुरू केलं. ओटीपोटाच्या तळाशी, बोटभर जागेत. शेजारी मूत्रवाहिनी, खाली कागदासारखी पातळ मोठी शीर. तिला धक्का लागला तर सगळंच संपलं असतं. त्यांनी मूत्रवाहिनी अलगद बाजूला केली, चिमट्याचं टोक रक्तवाहिनीच्या खालून सरकवलं आणि रेशमी दोरा ओढला. गाठ मारली. माझ्या तळहाताखाली ऊब तशीच वाहत होती.

"एक झाली," ते म्हणाले. "सर?"

"आहे."

डावीकडं जागा आणखी अडचणीची होती. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. अण्णांनी जाळीवरचा हात न हलवता दुसऱ्या हातानं रुमाल काढला, पुढं झुकले आणि त्यांचं कपाळ पुसलं.

दुसरी गाठ बसली.

"आता हात उचला," हुक्केरी मला म्हणाले. "हळू."

माझी हात उचलायची हिंमत होईना. त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा मी एक एक बोट सोडलं. फडकं बाजूला केलं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

रक्त आलं नाही. थोडं पाझरलं आणि थांबलं.

"नाडी भरतेय," अण्णा म्हणाले.

पोट शिवून होईपर्यंत दुसरी बाटली संपली होती आणि तिसरी लागली होती. बाहेर आल्यावर मी हौसाक्काला सांगितलं की दोघी ठीक आहेत. तिनं मला नमस्कार केला नाही की ती रडली नाही. ती सरळ बाकावर बसलेल्या मुलांकडं गेली आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत गेली. ज्यांचं रक्त घेतलंच नव्हतं त्यांच्यासुद्धा.

दुपारी आम्ही तिघं हुक्केरींच्या खोलीत बसलो. हॉटेलातून चहा आला होता. अण्णा डॉक्टरच्या खुर्चीशेजारी, पेशंटच्या स्टुलावर बसले होते आणि हुक्केरी खुर्चीत बसायला तयार नव्हते, म्हणून उभेच होते.

"उज्ज्वला," अण्णा म्हणाले, "तुझी सासू कशानं गेली, ठाऊक आहे?"

"आतड्याला पीळ पडला होता. बेळगावला नेताना…"

"हत्तरगीच्या पुढं गेली. गाडीत, माझ्या मांडीवर."

"सर, कशाला आता," हुक्केरी म्हणाले.

"थांब रे. हिला कुणी सांगितलेलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी हा माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, सर, बेळगावपर्यंत टिकणार नाहीत काकू. इथंच उघडू. मी करतो, तुम्ही फक्त भूल द्या. हात जोडले यानं. मी म्हणालो, तू काल पास झालेला पोर, माझ्या बायकोवर हात चालवणार? आणि गाडी काढली."

अण्णांनी कप पुन्हा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तेराव्यानंतर मी याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. गावाला वाटलं, हा सोडून गेला. मी घालवला. याचं तोंड दिसलं की मला ती गाडी दिसायची. याचं चुकलं काहीच नव्हतं. हा बरोबर होता, तेच मला सहन होत नव्हतं."

मग मला सगळं उलगडलं. सहा वर्षांपूर्वी मागितलेली भूल हुक्केरींनी आज पुन्हा मागितली होती. आणि अण्णांना माझ्या हातांवर विश्वास नव्हता असं नाही. पोट उघडायचं नाव काढलं की ते त्या एका रस्त्यावर जाऊन पोचत होते.

"लोक मला विचारायचे, समोरच जागा का घेतली," हुक्केरी म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नाही. सर, तुम्हाला कधी गरज पडली तर हाकेच्या अंतरावर असावं, एवढंच होतं."

"आणि गाव तुला नावं ठेवत राहिलं. तू गप्प कसा बसलास?"

"बोललो असतो तर तुमच्याविषयी बोलावं लागलं असतं."

अण्णा उठले. हुक्केरींच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मग नेहमीच्या, हुकमी आवाजात म्हणाले, "बरं. आता कामाचं. तिकडं खाटा आहेत, थिएटर नाही. इकडं थिएटर आहे, खाटा पुरत नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन चुली कशाला पेटवायच्या? लाकूड वाया जातंय."

चूल एक झाली ती अशी. पुढची दोन वर्षं माझी सिझेरियनं त्या थिएटरात झाली आणि भूल अण्णांनी दिली. अधूनमधून दोघं कडाडून भांडायचे, मुख्यतः कुठलं यंत्र आधी घ्यायचं यावरून, आणि त्या भांडणांत मला पंच नेमायचे. पुढं एक भूलतज्ज्ञ जोडपं कायमचं गावात राहायला आलं, तेव्हा अण्णांनी जाळी त्यांना दाखवली आणि म्हणाले, "आता ही तुमच्या पोरांना खेळायला द्या." मग हाडांचा डॉक्टर आला, मुलांचा आला, तालुक्यातलं पहिलं सोनोग्राफी यंत्र आमच्याकडं लागलं. नर्सिंगची शाळा निघाली. आजऱ्याच्या, चंदगडच्या वाड्यांवरून लोक यायला लागले, सीमेपलीकडूनही आले. पाटीवर आम्ही एक लांबलचक नाव घातलं होतं. ते कुणी वापरलं नाही. रस्त्याच्या या बाजूचे त्याला समोरचा दवाखाना म्हणायचे आणि त्या बाजूचेही समोरचाच म्हणायचे.

दोन्ही इमारती अपुऱ्या पडायला लागल्या तेव्हा अण्णांनी नदीच्या बाजूची आपली मोकळी जमीन दिली. तिथं चार मजली हॉस्पिटल उभं राहिलं. उद्घाटनाला मांडव घातला होता, पाहुणे आले होते, आसपासच्या खेड्यांतून माणूस लोटला होता. अण्णांची पंचाऐंशी ओलांडली होती. ते व्यासपीठावर शाल पांघरून बसले होते. हुक्केरींच्या डोक्यावर कुणीतरी फेटा बांधला होता आणि ते त्यात अवघडून गेले होते.

स्वागतगीत चालू असतानाच फाटकाशी गडबड झाली. नूलच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उलटला होता. एका तरुण पोराच्या पोटावर मार बसला होता. जुन्या दवाखान्याकडं जायला वाट उरली नव्हती, सगळा रस्ता मांडवानं अडवलेला. लोकांनी त्याला खाटेवर घालून सरळ मांडवातूनच आणलं. हुक्केरींनी व्यासपीठावरूनच त्याच्या चेहऱ्याचा रंग पाहिला, फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाले, "वहिनी, चला."

नव्या थिएटरच्या दाराला लाल फीत बांधलेली होती. सिस्टर तिथं घुटमळली.

"पाहुण्यांनी कापायची आहे," ती म्हणाली.

"तुमच्या खिशात कात्री आहे ना?" मी म्हणाले. "कापा."

पोराची प्लीहा फुटून पोटात रक्त साचत होतं. आम्ही हात धूत असताना बाहेरचा लाउडस्पीकर आत ऐकू येत होता. स्वागतगीत थांबलं होतं, लोकांची कुजबुज वाढत होती. मग माइक खरखरला आणि अण्णांचा आवाज आला.

"पाहुण्यांची मी क्षमा मागतो," ते म्हणाले. "फीत कापून झालेली आहे. डॉक्टर आत कामाला लागले आहेत. तेव्हा उद्घाटन झालं असं समजा. भाषणं नकोत. पंगत बसवा, कुणी उपाशी थांबू नका."

आम्ही बाहेर आलो तेव्हा शेवटची पंगत अर्ध्यावर आली होती. पाहुणे खेड्यातल्या माणसांच्या रांगेतच मांडी घालून बसले होते. अण्णा एकटे अजून व्यासपीठावर होते. ते जेवले नव्हते. आम्हाला येताना पाहून त्यांनी नुसती मान उंचावली.

"वाचला," हुक्केरी म्हणाले.

अण्णांनी माइक तोंडाशी ओढला आणि तो एकच शब्द साऱ्या मांडवाला सांगितला. "वाचला."

आणि पंगतीतली सगळी माणसं, पानं तशीच टाकून, उभी राहिली.